बायकांना हेड कोच व्हायचं नसतं, हे खरं नाही

इथे अमेरिकेत आमच्या मराठी पालकांच्या ग्रुपवर महिन्याभरात एकच संदेश चार वेळा फिरून आला. आमच्यातल्या बऱ्याच जणांच्या मुली क्लब सॉकर खेळतात, काहींना पुढे कॉलेजच्या संघात जायचंय, त्यामुळे तो सगळे वाचतात. आशय असा: कॉलेजात मुलींच्या संघांनाही बहुतेक पुरुषच हेड कोच असतात, कारण अजिंक्यपदं तेच मिळवून देतात. बायकांना मुळात ते काम नको असतं आणि घरसंसार सांभाळून ते जमतही नाही. मुलांचा संघ तर बाईचं ऐकणारच नाही. आणि शेवटी सल्ला: मुलीला खेळू द्या, पण या क्षेत्रात करिअरची स्वप्नं दाखवू नका. त्या सल्ल्यामुळे मला उत्तर द्यावंसं वाटलं.

अजिंक्यपदांचा मुद्दा आधी घेते, कारण वरवर तो सगळ्यात बळकट दिसतो. एनसीएए ही अमेरिकेतल्या कॉलेजांच्या खेळांची संघटना. तिच्या सगळ्यात वरच्या गटाची, म्हणजे डिव्हिजन वनची, मुलींची सॉकर स्पर्धा १९८२ साली सुरू झाली. २०२४ पर्यंतच्या ४३ अजिंक्यपदांपैकी फक्त चार वेळा विजेत्या संघाची हेड कोच बाई होती: फ्लोरिडाच्या बेकी बर्ली (१९९८), यूसीएलएच्या अमँडा क्रॉमवेल (२०१३), पेन स्टेटच्या एरिका वॉल्श (२०१५) आणि पुन्हा यूसीएलएच्याच मार्गरीट आओझासा (२०२२). आकडा खरा आहे. पण ४३ पैकी २२ अजिंक्यपदं एकट्या नॉर्थ कॅरोलायनाची, आणि त्यांतली २१ ॲन्सन डॉरन्स यांच्या हाताखाली मिळालेली. डॉरन्स मोठे कोच, यात वाद नाही. मात्र १९७९ मध्ये मुलींचा संघ त्यांच्याकडे आला, तेव्हा ते तिथे मुलांच्या संघाचे कोच होतेच. पुढे २०२४ पर्यंत ती जागा रिकामीच झाली नाही. उलट बर्ली यांचं पाहा. फ्लोरिडात मुलींचा संघ उभा राहिला १९९५ मध्ये, आणि चौथ्याच मोसमात त्यांनी अंतिम सामन्यात याच नॉर्थ कॅरोलायनाला १-० असं हरवलं.

आता ‘बायकांना ते काम नको असतं’ याबद्दल. १९७२ मध्ये शिक्षणसंस्थांत मुलामुलींत भेदभाव करायला बंदी घालणारा टायटल नाइन कायदा आला, तेव्हा सगळे खेळ धरून कॉलेजांमधल्या मुलींच्या दहापैकी नऊ संघांना बाईच शिकवत होती. बहुतेक ठिकाणी व्यायामशिक्षिका आपलं रोजचं शिकवणं करून वर संघ सांभाळायच्या आणि त्याचे वेगळे पैसे त्यांना क्वचितच मिळायचे. कायद्यामुळे कॉलेजांना मुलींच्या खेळांवर खर्च करणं भाग पडलं. कोचची जागा पगारी झाली आणि पुरुषही अर्ज करू लागले. त्याच काळात मुलामुलींचे वेगळे क्रीडाविभाग एकत्र झाले आणि नेमणुका करणारे प्रमुख बहुतेक पुरुषच राहिले. २०१४ पर्यंत मुलींच्या संघांना बाई कोच असण्याचं प्रमाण ४३ टक्क्यांपर्यंत घसरलं होतं. सॉकरची गोष्ट आणखी वेगळी. ऐंशी-नव्वदच्या दशकांत मुलींचे संघ भराभर सुरू झाले, तेव्हा स्वतः कॉलेजात सॉकर खेळलेल्या बायकाच कमी होत्या. मुलांच्या संघाचा कोच किंवा त्याचा असिस्टंट मात्र हाताशी असायचा. बिनपैशाचं असताना ज्या कामाला बायका पुरत होत्या, ते पगारी झाल्यावर त्यांना एकदम नकोसं झालं, हे मला अजिबात पटत नाही.

घरसंसाराचा मुद्दा मी झटकून टाकणार नाही. काम दमवणारंच आहे. ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत मोसम, आणि एरवी शनिवार-रविवारी क्लबांच्या स्पर्धांना जाऊन खेळाडू हेरायचे. दहावी संपल्यानंतरच्या १५ जूनला कॉलेजच्या कोचना या खेळाडू मुलींशी थेट बोलायची परवानगी मिळते, त्या दिवशी तर कोचचा फोन खाली ठेवला जात नाही. तरीही जिल एलिस यांनी यूसीएलएला २००३ ते २००९ सलग सात वेळा शेवटच्या चार संघांत नेलं. त्याच सुमारास त्या दत्तक मुलीच्या आईही झाल्या. पुढे २०१५ आणि २०१९ चे विश्वचषक अमेरिकेने जिंकले, ते त्यांच्याच मार्गदर्शनाखाली.

राहिला मुलांचा संघ. २०१५ मध्ये न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीने मुलांच्या संघासाठी किम वायंट यांना हेड कोच नेमलं. डिसेंबर २०२२ मध्ये शिकागो युनिव्हर्सिटीच्या मुलांनी डिव्हिजन थ्रीचं, म्हणजे एनसीएएच्या तिसऱ्या गटाचं, अजिंक्यपद पटकावलं, अख्ख्या मोसमात एकही सामना न हरता. त्यांच्या हेड कोच होत्या ज्युलियान सिच, आणि हेड कोच म्हणून त्या मुलांबरोबरचा त्यांचा तो पहिलाच मोसम. दोनच दिवसांनी आओझासा यांच्या यूसीएलएने ०-२ अशा पिछाडीवरून, शेवटच्या काही सेकंदांत बरोबरी साधून, जादा वेळेत नॉर्थ कॅरोलायनाला ३-२ ने हरवलं. हेड कोच म्हणून आओझासा यांचंही ते पहिलंच वर्ष.

माझी लेक या उन्हाळ्यात आमच्या क्लबच्या शिबिरात लहान मुलींची मदतनीस कोच व्हायचं म्हणतेय. फॉर्मवर काल सही केली.