स्वस्त रीळ आणि उसवलेली टीप

दोरा तुटला की आधी मशीनला शिव्या, मग सुईवर संशय, मग टेन्शनचा, म्हणजे दोऱ्याच्या ताणाचा, स्क्रू पिळायचा. हातात धरलेल्या रिळाकडे मात्र कुणी बघत नाही!

वीतभर दोरा उजेडात धरा. केसाळ दिसतोय? मध्येच जाड, मध्येच बारीक? आखूड तंतूंचा, घाईने पीळ दिलेला माल आहे तो. टाक्यात अडकण्याआधी दोऱ्याचा तोच तुकडा सुईच्या नाकातून कित्येकदा वर-खाली घासला जातो. चांगला दोरा ते सोसतो, हा मात्र पिंजतो. जाड गाठ नाकात अडली की दोरा तटकन तुटतो, आणि तोही नेमका कॉलरच्या टोकावर. झडलेले तंतू बॉबिन केसच्या (खालच्या दोऱ्याच्या डबीच्या) पट्टीखाली बसतात, खालचा ताण बिघडतो आणि टीप एकसारखी येत नाही. मग बसा उसवत. १४ ऐवजी १६ नंबरची जाड सुई लावून काम रेटता येतं, पण पातळ कापडावर भोकं दिसणारच.

आणखी वैताग म्हणजे लेबल. रिळावर मीटर छापतात, पण दोरा सुती की पॉलिस्टर, किती पदरी, काहीच नाही. सुती दोरा पहिल्या धुण्यात आटला की सरळ टीप चुणीदार होते (चुण्या फुकट!). पॉलिस्टर बॉबिनवर ताणून भरला तरी तेच, कारण शिवल्यावर तो आखडतो.

कापड निवडायला तासभर लावतात आणि दोऱ्याला म्हणे, ‘रंग जुळला ना, द्या कुठलाही’.