‘थांब, पुढचं येतंय’ म्हणणाऱ्या जाणकारांसाठी

बारावीचे निकाल लागले की, आणि पुन्हा दिवाळीच्या तोंडावर, पीसीवाल्या ग्रुपांवर एकच प्रश्न वेगवेगळ्या नावांनी येतो. "ऐंशी हजारांत पीसी बसवायचाय. आत्ता घेऊ की थांबू?" दोन मिनिटांत पहिलं उत्तर हजर: "थांब भावा, पुढची सिरीज येतेय." सिरीज म्हणजे प्रोसेसरांची किंवा ग्राफिक कार्डांची पुढची पिढी. त्याच्याखाली अंगठे, आगीच्या इमोजी आणि कुठल्यातरी लीकचा, म्हणजे कंपनीने सांगण्याआधीच फुटलेल्या माहितीचा, स्क्रीनशॉट. विचारणाऱ्याला काम काय करायचंय, कधीपासून करायचंय, सध्या घरात काय आहे, हे विचारायची तसदी कोणी घेत नाही.

हा सल्ला फुकट पडतो म्हणून इतका सढळ हाताने दिला जातो, असं माझं स्पष्ट मत आहे. देणाऱ्याच्या टेबलाखाली धडधाकट मशीन चालू असते. त्याच्यासाठी थांबणं ही करमणूक. विचारणारी पोरगी आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाला असेल तर ती मैत्रिणीच्या लॅपटॉपवर रात्री अकरानंतर रेंडर, म्हणजे डिझाइनवरून चित्र तयार करायचं काम, लावत असते, कारण तेव्हाच तो मोकळा असतो. तिच्या थांबण्याचं बिल तिच्याच नावावर फाटतं.

गैरसमज नको, मीही याच पंथातला. लास व्हेगासच्या सीईएस या इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रदर्शनातलं संध्याकाळी साडेसहाचं भाषण आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी आठला लागतं. २०२५च्या जानेवारीत ग्राफिक कार्डांच्या चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग ते चकचकीत जॅकेट घालून स्टेजवर आले तेव्हा आमच्याकडे डब्यांची घाई चालली होती आणि मोबाइल मिक्सरला टेकवून उभा होता. बायकोने एकदा स्क्रीनकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पोळ्या लाटायला लागली. ही मजा मला सोडायची नाहीये आणि कोणी सोडावी असंही मी म्हणत नाही.

लीक हुडकण्यातही खरी बुद्धी लागते. नवी चिप बाजारात यायच्या कितीतरी आधी तिला ओळखणारा कोड लिनक्स या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, जावा लागतो, आणि तो कोड सगळ्यांना उघडा असतो. तिथे एखादं अनोळखी नाव दिसलं की आमची मंडळी तुटून पडतात. २०१४-१५च्या सुमाराला तर जगभरच्या हार्डवेअर साइट्स ‘झौबा’ नावाच्या एका भारतीय साइटवर पडीक असायच्या. कारण साधं होतं. या चिप कंपन्यांची मोठी इंजिनिअरिंग केंद्रं हैदराबाद-बेंगळुरूत आहेत. तिथे तपासणीसाठी आलेल्या बोर्डांच्या कस्टम्स नोंदी त्या साइटवर दिसायच्या, मालाचं वर्णन आणि रुपयांत किंमत यांसकट. मग युरोप-अमेरिकेतले लोक आपल्या रुपयांचे डॉलर करून पुढच्या ग्राफिक कार्डाच्या किमतीचा अंदाज बांधत बसायचे! पडद्यामागे असा भारत होता, हे आपल्यातल्याच पुष्कळांना ठाऊक नाही.

पण आकडा हुडकणं वेगळं आणि त्या आकड्यावर दुसऱ्याचे ऐंशी हजार अडकवून ठेवणं वेगळं.

आम्हाला ही सवय लागली कुठून, तेही सांगतो. २०११च्या जानेवारीत इंटेलच्या प्रोसेसरांची सँडी ब्रिज ही पिढी आली. त्यातला आय-सेव्हन २६००के चार कोअरचा, म्हणजे आत काम करणारे चार मेंदू असलेला. २०१७च्या जानेवारीत ७७००के आला, तोही चार कोअरचाच. मधली सहा वर्षं दरवर्षी नवं नाव, नवा डबा, आणि वेगात किरकोळ वाढ. समोर प्रतिस्पर्धी एएमडी असून नसल्यासारखी. तिच्या बुलडोझर या प्रोसेसरांचं नाव २००७पासून कानावर होतं, माल यायला २०११चा ऑक्टोबर उजाडला. आणि आला तो काय? एफएक्स-८१५० कित्येक टेस्टमध्ये एएमडीच्याच जुन्या सहा कोअरवाल्या फिनॉमच्या मागे. डब्यावर आठ कोअर, आत मात्र दोन-दोन कोअरमध्ये काही भाग सामाईक. त्यावरून अमेरिकेत खटला झाला आणि २०१९मध्ये एएमडीने १ कोटी २१ लाख डॉलरवर तो मिटवला. बुलडोझरसाठी चार वर्षं थांबलेल्यांचं दुःख मला जवळून माहीत आहे. त्यातले काही जण अजून सीपीयूचा विषय निघाला की गप्प होतात.

मग २ मार्च २०१७ला एएमडीचा रायझन आला. १८००एक्स, आठ कोअर, ४९९ डॉलर. त्या वेळी इंटेलचा आठ कोअरचा ६९००के हजार डॉलरच्या वर होता. सहा-सात महिन्यांत इंटेलनेही मुकाट्याने सहा कोअरचा ८७००के बाजारात आणला. तेव्हा जे थांबले होते ते जिंकले, अगदी निर्विवाद. आणि तिथेच घोळ झाला. एकदा मटका लागलेला माणूस जन्मभर आकडा लावत बसतो, तशी आमची पिढी त्यानंतर प्रत्येक लाँचमध्ये २०१७ शोधते आहे.

तसं २०१७ परत परत येत नाही. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये इंटेलने १४९००के आणला. आधीच्या १३९००केच्या शेजारी ठेवला तर फरक शोधायला भिंग लागावं. २०२४चं उदाहरण तर वर्गात शिकवण्यासारखं आहे. त्या उन्हाळ्यात गेमिंगसाठी एएमडीचा ७८००एक्स३डी हा उत्तम प्रोसेसर होता आणि पुष्कळ स्वस्तही झाला होता. ग्रुपवर मात्र एएमडीच्या पुढच्या पिढीचा एकच घोष, "झेन ५ येतोय, थांब." झेन ५ आधी जुलैअखेरीचा ऑगस्टवर गेला, आला तेव्हा गेममध्ये फारसं काही हाताला लागलं नाही, आणि तोवर ७८००एक्स३डीचा साठा आटून त्याचा भाव वर चढून बसला. ज्याने जूनमध्ये घेतला तो मजेत खेळत होता. ज्याने जाणकारांचं ऐकलं तो ऑक्टोबरमध्ये त्याच वस्तूचे जास्त पैसे मोजत होता. नोव्हेंबरात झेन ५मधलाच ९८००एक्स३डी आला, खरोखर अप्रतिम निघाला, पण सुरुवातीचे कित्येक आठवडे तो मिळवायलाच मारामारी.

या थांबण्याचा कंपन्यांवर काय परिणाम होतो याची एक जुनी गोष्ट आहे, आणि तिचा नायक आपल्याला वाटतो तितका परका नाही. अ‍ॅडम ऑस्बर्न. जन्म बँकॉकचा, पण बालपण तमिळनाडूत तिरुवन्नामलैला गेलं, कारण वडील रमण महर्षींच्या आश्रमात रमलेले. पुढे अमेरिकेत जाऊन त्याने १९८१मध्ये ऑस्बर्न १ नावाचा उचलून नेता येईल असा कॉम्प्युटर काढला. उचलून म्हणजे अकरा किलो! पडदा पाच इंचांचा, किंमत १७९५ डॉलर. धडाधड खपला. १९८३मध्ये त्याने पुढच्या मॉडेलबद्दल आधीच बोलून टाकलं, दुकानदारांनी जुन्याच्या ऑर्डरी थांबवल्या, आणि त्याच सप्टेंबरमध्ये कंपनीने दिवाळं काढलं. इतर कारणंही होती असं अभ्यासक सांगतात, पण ‘ऑस्बर्न इफेक्ट’ हे नाव चिकटलं ते चिकटलंच. तो माणूस शेवटी भारतात परतला आणि २००३मध्ये कोडाईकनालला वारला.

हल्लीच्या कंपन्या या गोष्टीतून बरोबर उलटा धडा शिकल्या आहेत. पुढचं आधी सांगितलं की आपलं गिऱ्हाईक थांबतं, हे खरं. पण समोरच्याचंही थांबतं. मग मोजून-मापून सांगायचं. २०२५च्या त्याच सीईएसमध्ये हुआंग म्हणाले की ५०७० हे नवं मधलं कार्ड म्हणजे आधीच्या पिढीतल्या सगळ्यात वरच्या ४०९०चा परफॉर्मन्स ५४९ डॉलरमध्ये. तिकडे टाळ्या, इकडे आमच्या ग्रुपवर दिवाळी. लोकांनी जुनी कार्डं विकायला काढली. त्या वाक्यातली मेख अशी की कार्डाने स्वतः काढलेल्या प्रत्येक फ्रेममागे, म्हणजे पडद्यावरच्या एकेका चित्रामागे, एआयने रचलेल्या आणखी तीनपर्यंत फ्रेम धरून तो हिशेब होता. मार्चमध्ये रिव्ह्यू आले, त्या फ्रेम बाजूला काढल्यावर ५०७० जेमतेम जुन्या ४०७० सुपरच्या आसपास दिसलं. २०२२ची गंमत तर त्याहून वरची. एनव्हिडियाने ‘४०८०’ या एकाच नावाची दोन कार्डं जाहीर केली, एक १६ जीबीचं, एक १२ जीबीचं, दोन्हींच्या आतली चिप निराळी. ओरड झाली तेव्हा १२ जीबीवालं विक्रीला येण्याआधीच मागे घेतलं, आणि जानेवारीत तेच ४०७० टीआय म्हणून शंभर डॉलर कमी करून आणलं. या वस्तूसाठीसुद्धा "थांब" म्हणणारे होते!

म्हणून थांबायचंच असेल तर भाषणासाठी थांबू नका, रिव्ह्यूसाठी थांबा. बहुतेक वेळा ते आपल्याकडे संध्याकाळी साडेसहा-साडेसातला उघडतात, अमेरिकेतल्या सकाळी नऊच्या हिशेबाने. तारीख जाहीर झालेली असेल आणि मध्ये दोन-चार आठवडे असतील तर थांबणं शहाणपणाचंच. तारीख नसेल, नुसतं सांकेतिक नाव असेल, तर ती वस्तू तुमच्यासाठी अजून जन्माला आलेली नाही.

शिवाय आपल्याकडे लाँच म्हणजे माल हातात असं नसतं. डॉलरची किंमत कराविना असते, त्यावर १८ टक्के जीएसटी. ५०९० हे सगळ्यात वरचं कार्ड २०२५मध्ये तिकडे १९९९ डॉलरला आलं, इकडे अधिकृत किंमतच २ लाख १४ हजार, आणि त्या भावात ते कोणी पाहिलं असेल तर कळवा, मी येऊन पाया पडतो. पहिला माल थोडा येतो, आणि तो मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असो की पुण्याच्या तापकीर गल्लीत, काउंटरवर ठरलेली वाक्यं ऐकू येतात: "कार्ड आहे साहेब, पण एसएमपीएससोबतच देतो." तो एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, अर्थातच दुकानात धूळ खात पडलेला. तुमच्या बजेटमध्ये बसणारं मधलं कार्ड तर मुळात सगळ्यात शेवटी येतं. आधी लाखाची येतात, पन्नास हजारांच्या आतली काही महिन्यांनी.

आणि मग २०२५चा शेवट आला. रॅमचं काय झालं ते आठवा. जगात मोठ्या प्रमाणावर रॅमच्या चिप बनवणाऱ्या कंपन्या मुख्यतः तीन: सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन. एआयच्या डेटा सेंटरना लागणारी एचबीएम मेमरी बनवायला तेवढ्याच क्षमतेच्या पीसीतल्या डीडीआर५ रॅमपेक्षा साधारण तिप्पट वेफर, म्हणजे चिप ज्यांवर घडवतात त्या सिलिकॉनच्या चकत्या, खर्ची पडतात, आणि तिथे पैसा दाबून मिळतो. आपल्यासारख्यांना लागणारा माल आटला. काही महिन्यांत डीडीआर५च्या किटचे भाव दुप्पट, तिप्पट झाले. डिसेंबरमध्ये मायक्रॉनने ‘क्रुशल’ हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. आपल्यातल्या अर्ध्या लोकांनी पहिली रॅम किंवा पहिली एसएसडी त्याच नावाची बसवलेली. माझ्या ओळखीच्या दुकानदाराने कोटेशनच्या खाली पेनाने ‘भाव फक्त आजचा’ असं लिहायला सुरुवात केली. गणपतीत पीसी घ्यायचा बेत ज्यांनी जानेवारीच्या सीईएसपर्यंत पुढे ढकलला, त्यांना जुनाच प्रोसेसर, जुनंच कार्ड, आणि वर रॅमचा हा भुर्दंड. हे संकट लीकवाल्यांपैकी कोणी वेळेत सांगितल्याचं मला आठवत नाही. ते इंटेलच्या पुढच्या पिढीचे, नोव्हा लेकचे, कोअर मोजत होते.

थांबण्याला पर्याय काय, तर ज्यात पुढे काही बसवता येईल असं आज घ्या. एएमडीच्या एएम४ सॉकेटचा, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या खाचेचा, इतिहास यासाठी पाहा. २०१७च्या बोर्डावर, बायोस (बोर्डाचं स्वतःचं सॉफ्टवेअर) अपडेट करून, २०२२चा ५८००एक्स३डी चालतो. त्या चिपमध्ये कोअर वाढवले नव्हते, उलट वेग किंचित कमीच केला होता. फक्त ३२ एमबी कॅशच्या, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या झटपट मेमरीच्या, डोक्यावर आणखी ६४ एमबी रचली, आणि पाच वर्षं जुन्या बोर्डावरचे गेम पळायला लागले. हा बदल मी स्वतः केलाय म्हणून एक सूचना. एएम४च्या पिना प्रोसेसरलाच असतात, १३३१. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली जुनी पेस्ट वाळून घट्ट बसलेली असते, आणि कूलर सरळ वर ओढलात तर सॉकेटची लिव्हर बंद असतानाही प्रोसेसर कूलरला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो, कडेच्या पिना वाकतात. आधी दहा मिनिटं गेम लावून मशीन गरम करा, बंद करून वायर काढा, कूलर डावीकडे-उजवीकडे हलकेच पिळा, मग उचला. तरी एखादी पिन वाकलीच तर पेन पेन्सिलच्या रिकाम्या टोकात ती अलगद धरून सरळ होते. त्यानंतरच्या एएम५ला पिना बोर्डावर गेल्या, आणि ते सॉकेट निदान २०२७पर्यंत चालवू असं एएमडीने सांगितलंय. इंटेलचं सॉकेट २०२०, २०२१ आणि २०२४ असं तीनदा बदललं. म्हणून इंटेल घेऊच नका असं नाही, पण बोर्डावर खर्च करताना हे धरून चाला.

२०२६च्या शेवटाला नोव्हा लेक म्हणतायत, झेन ६ही रांगेत आहे. सकाळी आठला मी मोबाइल मिक्सरला टेकवणारच. पण त्याआधी या ग्रुपवर कोणी बजेट लिहून विचारलं, तर निदान इतकं विचारूया: काम काय, कधीपासून, आणि मॉनिटर धरून की सोडून? मॉनिटरचं तर हमखास राहून जातं, आणि मग बारा हजार कुठून काढायचे यावर वेगळी पोस्ट पडते.