क्वांटमवाला मेसेज आणि मामांची नात

नाशकातल्या पालकांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: "पोराला क्वांटम फिजिक्सच्या नादी लावू नका. क्वांटम कॉम्प्युटर लागतो. पीएचडी होईपर्यंत बापाच्या जिवावर. बीएस्सीवाल्याला कुणी विचारत नाही. आणि आता सगळं एआयच करतं." मला तो तीनदा आला, एकदा सख्ख्या मामांकडून.

पहिला मुद्दाच उफराटा. संगणकीय क्वांटम भौतिकशास्त्र, म्हणजे इलेक्ट्रॉनसारख्या कणांचं गणित कॉम्प्युटरवर सोडवणं, चालतं ते साध्या कॉम्प्युटरवर, आणि गंमत त्याच्या तोकडेपणातच आहे. इलेक्ट्रॉनच्या स्पिनला (त्याचा एक चुंबकासारखा गुण) दोन अवस्था, वर किंवा खाली. अनेक स्पिन एकत्र असले की वर-खालीच्या प्रत्येक जुळणीसाठी एक आकडा लागतो. ३० स्पिन घेतले की २ चा ३० वा घात, म्हणजे १०७ कोटी आकडे. नुसते साठवायलाच १६ जीबी मेमरी. ४० स्पिनांना त्याच्या हजारपट. ५० पर्यंत सुपरकॉम्प्युटरही हात टेकतात. मग कुठले आकडे टाकून दिले तरी उत्तर बिघडत नाही, हे शोधायचं. इथं डोकं लागतं! स्टीव्हन व्हाइट यांनी १९९२ मध्ये एका ओळीतल्या स्पिनांसाठी अशीच एक रीत काढली, डीएमआरजी. तिच्या जोरावर शंभर स्पिनांच्या साखळीची सर्वांत कमी ऊर्जेची अवस्था आज लॅपटॉपवर निघते.

बापाच्या जिवावर? जेआरएफ, म्हणजे पीएचडी करणाऱ्यांची सरकारी फेलोशिप, मिळालेल्याला २०२३ पासून महिना ३७,००० रुपये, दोन वर्षांनी ४२,०००, घरभाडं वेगळं. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या पहिल्या पगाराशी ताडून बघा. (पैसे कधीकधी उशिरा पडतात, ते सोडा.)

बीएस्सीचं म्हणाल, तर आरवायके किंवा केटीएचएमसारख्या नाशकातल्या कॉलेजांतून पदवी घेणाऱ्यांसाठीच 'जॅम' ही प्रवेश परीक्षा आहे. तिच्यातून थेट आयआयटीत एमएस्सी. पदार्थांतल्या इलेक्ट्रॉनांचं गणित करणारी क्वांटम इस्प्रेसोसारखी सॉफ्टवेअर फुकट मिळतात.

एआयचं हत्यार तर याच लोकांनी उचललंय. एआयमागच्या न्यूरल नेटवर्कने वेव्ह फंक्शन, म्हणजे वरच्या त्या कोट्यवधी आकड्यांची यादी, मांडायची कार्लेओ आणि ट्रॉयर यांची रीत २०१७ ची.

भ्यायचंच असेल तर ज्याला भ्यावं, ते मेसेजमध्ये नाहीच. पीएचडीनंतर दोन-दोन वर्षांचे पोस्टडॉक, म्हणजे संशोधनाच्या तात्पुरत्या नोकऱ्या, दर वेळी नवं शहर, बहुधा नवा देश. परत आल्यावर कायम जागा थोड्या, जाहिरात कधी निघेल याचा नेम नाही. तिशी त्यातच सरते. मामांची नात यंदा जॅमला बसतेय. तिला हे मी आधी सांगितलं, तीस स्पिनांचं नंतर.