पंचगंगेच्या आधी पोचायचंय, भावा!

भावा, पावसाळा लागला की कोल्हापुरात दोन पातळ्या मोजल्या जातात. एक राजाराम बंधाऱ्यावर, पंचगंगेची. दुसरी व्हॉट्सॲप ग्रुपवर, तुझ्या वजनाची. पहिलीचं काम जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्ष बघतो, त्यात तू पडायचं कारण नाही. दुसरीची काळजी मात्र तुझी तुलाच घ्यावी लागणार. म्हणून हा सल्ला, तोही फुकट.

आधी सरकारी आकड्यांचा नाद सोड. तो कक्ष दिवसभर कळवत असतो: पाणी इतके फूट इतके इंच, इतके बंधारे पाण्याखाली, अमुक रस्ता बंद. इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43. वर्षानुवर्षं तेच तेच. ना उद्गारचिन्ह, ना रडका इमोजी, ना ‘प्रत्येक ग्रुपवर पाठवा’. असलं टाकून गंगावेशीत कोण तुझ्याकडं वळून बघणार? पाणी 41 वर असलं तर तू ‘50 पार, प्रशासन आकडा लपवतंय’ असं सोडून द्यायचं. 2019 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलं होतं, हायवे बंद पडला होता, 2021 ला पुन्हा तीच गत. ती भीती अजून लोकांच्या अंगातून गेलेली नाही. तुला नव्यानं घाबरवायची मेहनत पडत नाही.

राधानगरीवर तर तुझी खास मर्जी असू दे. त्या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरलेल्या पातळीला पोचलं की ते आपोआप उघडतात, उतरलं की आपोआप मिटतात. एका दरवाजातून 1428 क्युसेक. बटण दाबायला कुणी साहेब लागत नाही. साहेब गाढ झोपला असला तरी दरवाजा आपलं काम करतो. पण हे तू विसर. तू लिहायचं, ‘रात्री दोन वाजता गुपचूप दरवाजे उघडले, आदेश कुणाचा?’ आदेश पाण्याचा, हे खरं उत्तर. पण पाण्याला कोण शिव्या घालणार? आणि पाऊस दोन दिवस थांबला, विषय थंड पडायला लागला, तर ‘धरण फुटलं’ हा हुकमाचा एक्का आहेच. आंबेवाडी-चिखलीची माणसं रात्री जनावरं सोडतील, म्हाताऱ्यांना ट्रॅक्टरवर बसवतील. तसंही दर पुराला त्यांना घर सोडावं लागतंच, एकदा जास्तीचं सोडतील. पुढच्या खेपेला खरा इशारा आल्यावर ती जागची हलली नाहीत, तर तो दोष अर्थातच प्रशासनाचा.

आता व्हिडिओ. पूर तुझ्या दारात यायची वाट बघत बसलास तर मागं पडशील. कुठल्याही देशाचा, कुठल्याही सालाचा पूर चालतो. फक्त थोडी साफसफाई कर. दुकानाची पाटी मल्याळममध्ये दिसली तर तेवढा भाग काप. गाडीचं स्टिअरिंग डावीकडं असलं तर चित्र अंधारं कर. मूळ आवाज काढून वर काळजाला भिडणारं संगीत घाल, मिसळीवर कट घालतात तसं, सढळ हातानं. रंकाळ्यात मगर हवी असेल तर एआय आहेच. मगरीला पाच पाय निघाले तरी घाबरू नकोस, पाय मोजत बसणारा वाचक आता राहिलेला नाही. एखादा शहाणा निघेलच, जो व्हिडिओतलं एक चित्र उचलून गुगलवर टाकेल आणि पाच मिनिटांत मूळ शोधून देईल. त्याला ग्रुपवर एकदाच विचार, ‘तू नेमका कुणाच्या बाजूचा?’ पुन्हा तोंड उघडणार नाही.

व्हॉट्सॲपवाल्यांनी मध्ये एक खोडी घातली आहे. फार फिरलेल्या मेसेजवर दोन बाण दिसतात, आणि एप्रिल 2020 पासून असा मेसेज एका वेळी एकाच चॅटला पुढं जातो. उपाय सोपा. फॉरवर्ड करूच नकोस, मजकूर कॉपी करून नव्यानं चिकटव. बाण गायब. वर ‘माझा मित्र पाटबंधारे खात्यात आहे, त्यानं सांगितलं’ ही ओळ स्वतःची घाल. मित्र नसला तरी चालतो, खातं आहे.

ही बंधनं का आली, हे मात्र कुणाला विचारू नकोस, रंगाचा बेरंग होतो. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी आली, असे मेसेज तेव्हा गावोगाव फिरत होते. ते पाचही जण भिक्षा मागून पोट भरणारे. त्याच महिन्यात भारतात फॉरवर्डवर पाच चॅटची मर्यादा आली. मेसेज पाठवणाऱ्या कुणाच्या हातात दगड नव्हता, हे ध्यानात ठेव. आपल्याकडंही 7 जून 2023 ला मोबाइलवरच्या स्टेटसवरून शहर पेटलं आणि इंटरनेट बंद करावं लागलं. तेवढा काळ तुझे फार हाल झाले असतील.

प्रेरणा कमी पडली तर टीव्ही लाव. नोव्हेंबर 2016 ला 2000 च्या नोटेत चिप असल्याचं आणि ती जमिनीखालूनही उपग्रहाला दिसत असल्याचं स्टुडिओत बसून गंभीर चेहऱ्यानं समजावलं गेलं होतं. मे 2023 ला रिझर्व्ह बँकेनं ती नोट चलनातून मागं घेतली. बातमी मागं घेतल्याचं कुणाला आठवतंय का बघ. मोठ्यांचं असं असतं, मग तू कशाला लाजतोस?

पेपर मात्र बंद कर. शाहू महाराजांनी 1920 ला डॉ. आंबेडकरांच्या ‘मूकनायक’ला अडीच हजार रुपये दिले होते. पेपर चालवायला पैसा लागतो, असा त्या काळी समज होता. आता महिन्याचं पेपरचं बिल वाचवायचं, तेवढ्यात रिचार्ज मारायचं आणि वर ‘मीडिया विकला गेलाय’ म्हणून कट्ट्यावर ठणकावून सांगायचं. आपण दमडीही न देता आपल्यासाठी खरं कुणी लिहावं, ही अपेक्षा ठेवायला काय जातंय?

एवढं करूनही कधी पकडला गेलास, तर मेसेज सगळ्यांसाठी डिलीट कर. कुणी स्क्रीनशॉट काढला असेल तर ‘जसं आलं तसं पाठवलं’ म्हण. माफीबिफी मागू नकोस, सवय लागते. त्यापेक्षा दुसऱ्या दिवशी नवा ग्रुप काढ, नाव ठेव ‘फक्त खऱ्या बातम्या, कोल्हापूर’, आणि ॲडमिन तूच राहा.