दादा, ते झाडू मारणं नाही

सकाळी उठून फोन बघितला तर घरच्या ग्रुपवर दादाचा फॉरवर्ड. कर्लिंग (बर्फावरून जड दगड सरकवत समोरच्या वर्तुळाच्या मध्याजवळ थांबवायचा खेळ) खेळणाऱ्या, दगडापुढे ब्रश घासत धावणाऱ्या बायकांची क्लिप आणि खाली ओळ, ‘आमच्या कामवाल्या मावशींना पाठवा, गोल्ड पक्कं!’ त्याखाली हसणाऱ्या इमोजींची रांग. डोकंच फिरलं माझं. मेट्रोत बसून हे लिहितेय, राग अजून उतरलेला नाही.

पहिलं म्हणजे मावशींच्या कामात हसण्यासारखं काय आहे? दिवसभर लोकांच्या फरशा पुसून बघा, मग बोला. आणि दुसरं, ज्या खेळाला हसताय तो तुमच्यापैकी कुणी एकदा तरी खेळलंय?

मी खेळलेय. स्टॉकहोमला आले त्या पहिल्याच हिवाळ्यात ऑफिसच्या लोकांबरोबर हॉलवर गेले होते. शिकवायला सत्तरीच्या एक आजी. दगड ग्रॅनाइटचा, जवळजवळ २० किलोचा. मी जोर लावून ढकलायला गेले आणि गुडघ्यावर आपटले. आजींनी हात देऊन उठवलं. म्हणाल्या, “ढकलायचा नाही, सोडायचा.” सोडला, तर निम्म्या वाटेतच थांबला.

आनेट नोरबर्गचं नाव त्या दिवशी त्यांच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकलं. स्वीडनच्या कर्लिंग संघाची कर्णधार, हेर्नोसांद नावाच्या लहान गावातली बाई. व्यवसायाने ॲक्च्युअरी, म्हणजे विम्याचं सगळं अवघड गणित मांडणारी. नोकरी, दोन मुलं आणि कर्लिंग. युरोपचं पहिलं सुवर्ण १९८८ मध्ये, पहिलं जगज्जेतेपद थेट २००५ मध्ये. मधली सतरा वर्षं! आपल्याकडे एवढ्यात किती जणींना ‘आता पुरे, घराकडे बघ’ ऐकवून गप्प बसवलं असतं. बसवलंच आहे, नावं घेत नाही.

२००६ चं ट्यूरिन ऑलिंपिक. फायनल स्वित्झर्लंडशी. दहा फेऱ्यांनंतर बरोबरी, म्हणून अकरावी. शेवटचा दगड नोरबर्गच्या हातात. एकाच दगडात समोरच्यांचे दोन दगड उडवायचे होते. उडवले. ७-६. तेव्हा ती ३९ वर्षांची होती.

मला इथे दर वेळी माझा तो निम्म्यात थांबलेला दगड आठवतो. साधा पलीकडे पोचवायला मला तासभर लागला होता. आणि ही बाई सगळं जग बघत असताना एका दगडात दोन उडवते.

चार वर्षांनी व्हँकुव्हर. समोर कॅनडा, त्यांचंच मैदान, त्यांचंच पब्लिक. पुन्हा अकरावी फेरी, पुन्हा ७-६, पुन्हा सुवर्ण. ऑलिंपिकचं सुवर्ण राखणारी कर्लिंगमधली ती पहिलीच कर्णधार. बहीण कात्रिन लिंदाल दोन्ही वेळा संघात होती. नंतर तो संघ मोडला, तर हिने तरुण मुली घेऊन नवा बांधला आणि २०११ मध्ये पुन्हा जगज्जेतेपद जिंकलं. २०१३ मध्ये टीव्हीवरची नृत्यस्पर्धासुद्धा!

हो, मान्य, मोजक्याच थंड देशांत हा खेळ मनापासून खेळतात. टीव्हीवर ते ब्रश घासणं विचित्र दिसतं, हेही मान्य. पण ते झाडणं नाही रे. बर्फावर मुद्दाम पाण्याचे थेंब शिंपडून बारीक दाणे तयार केलेले असतात. ब्रश जोरात घासला की बर्फ किंचित तापतो, दगड लांब जातो आणि कमी वळतो. किती घासायचं, कधी थांबायचं, हे धावता धावता ठरवायचं. आजींनी माझ्या हातात ब्रश दिला तेव्हा पाचव्या दगडाला माझे खांदे भरून आले होते. दोन दिवस केस विंचरता येत नव्हते.

लिहिता लिहिता शांत झाले जरा. दादा, तू मनाने वाईट नाहीस, मला माहितीये. माझ्या दहावीच्या निकालाला पेढे वाटत सगळ्या चाळीत तूच फिरला होतास. म्हणून तर तुझ्याकडून आलेलं हे जास्त लागलं.

डिसेंबरमध्ये येतोयस ना? जाडे मोजे आण, बाकीचं हॉलवर मिळतं. आजी अजून शनिवारी येतात. दगड तू सोड, पुढे मी घासते.