दोन स्टार, अठरा लिटरचं कॅबिनेट आणि टीव्हीखालचा खण

नमस्कार साहेब,

आमच्या कॉम्प्युटरच्या दुकानाला दोन स्टार दिलेत, पण सविस्तर लिहिलंत आणि फोटोही टाकलेत. नुसतं ‘बंडल दुकान’ लिहून मोकळे झाला असतात तर मीही ‘क्षमस्व, संपर्क साधा’ एवढंच टाकलं असतं. तुमचं म्हणणं असं आहे: लहान कॉम्प्युटर मागितला तर अठरा लिटरचं खोकं गळ्यात मारलं. १६ कोअरचा प्रोसेसर हवा होता, ८ कोअरचा दिला. प्रोसेसरबरोबर कूलर फुकट येत असताना वेगळ्या कूलरचे पैसे लावले. कमी पैशांत १६ जीबीचं ग्राफिक्स कार्ड मिळत असताना १२ जीबीचं लावलं. रॅमला दोनच खण. एवढं करून प्रोसेसर ९५ अंशांवर, आणि वीज गेली की यूपीएस असूनही मशीन बंद.

घरी गेम आणि कंपनीचं डिझाइनचं काम एकाच छोट्या मशीनवर करायचं म्हणून आमच्याकडे येणारे आता बरेच आहेत. कोल्हापुरात फाउंड्री आणि पॅटर्नवाल्यांची कमी नाही. त्यांच्याही उपयोगी पडेल म्हणून जरा लांबण लावतो.

आधी तापमान. तुमच्या पहिल्या फोटोत ९५ हा आकडा लाल आहे, त्यामुळे सगळ्यांची नजर तिथेच जाते. त्याच्या चार ओळी खाली प्रोसेसर १३४ वॉट खेचतोय असं दिसतं. तुमच्या रायझन ७ ७७०० प्रोसेसरची मूळ मर्यादा ८८ वॉट आहे आणि आम्ही मशीन त्याच मर्यादेवर दिलं होतं. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन पीबीओ (वॉटची मर्यादा वाढवणारी सोय) चालू केल्याशिवाय हा प्रोसेसर १३४ वर जात नाही. तो चालू करायला कुणाची हरकत नाही, मशीन तुमचं आहे. पण मग प्रोसेसर ‘जितकी मोकळीक द्याल तितका पळतो’ या तत्त्वावर चालतो आणि थेट ९५ ला जाऊन टेकतो, कारण ७००० मालिकेत ती एएमडीनेच आखलेली वरची रेघ आहे. तिथे पोचला की तो स्वतःच वेग कमी करतो. त्याला बिघाड म्हणत नाहीत. त्या ज्यादा ४६ वॉटमधून हातात पडतो तो वेग मात्र थोडका, आणि पंख्यांचा आवाज भरपूर.

आता दुसरा फोटो. मशीन टीव्ही युनिटच्या खणात ठेवलंय. वरची फळी आणि कॅबिनेटची वरची जाळी यांच्यामध्ये बोट जेमतेम शिरेल. या कॅबिनेटची गरम हवा वरूनच बाहेर पडते, दोन्ही पंखे तिकडेच आहेत. ती हवा फळीला आपटून खणात फिरते आणि बाजूच्या जाळीतून परत आत जाते. खोली जितके अंश गरम, साधारण तितकेच अंश आतले पार्ट वर सरकतात. तुमच्या प्रोसेसरची ‘खोली’ म्हणजे तो खण. एप्रिल-मेमध्ये दुपारी खेळताना त्यात किती होत असेल, हात घालून बघा. मशीन नेताना आमच्या काउंटरवर तुमच्यासमोर लोड टेस्ट लावली होती, चहा संपेपर्यंत चालू होती, सत्तरीच्या पुढे फारशी गेली नाही. आमच्या दुकानात एसी नाही हेही तुम्ही लिहिलंय, ते या कामी बरं झालं.

कूलरचं. ७७०० च्या डब्यात येणारा रेथ प्रिझम हा फुकटचा कूलर तुमच्याच खोक्यात तळाला आहे, न वापरलेला. आम्ही ठेवून घेतलेला नाही. त्याच्यावरही मशीन चाललं असतं, पण छोटा पंखा लोडवर जोरात फिरतो आणि गेम खेळताना तो कानाशी असतो. म्हणून १५५ मिमी उंचीचा दुहेरी टॉवर कूलर लावला. या कॅबिनेटच्या जाळीच्या झाकणाखाली जागा आहे १५५ मिमी. झाकण लागतं, पण नख शिरत नाही. त्याचा पुढचा पंखा रॅमच्या डोक्यावर येतो, त्यामुळे उंच, दिव्यांची रॅम घेतली असती तर पंखा वर सरकला असता आणि झाकण लागलं नसतं. ‘आरजीबी रॅम का नाही’ याचं उत्तर एवढंच. काचेचं झाकणही खोक्यात आहे. हवं तर लावा, पण बाजूने येणारी हवा बंद होईल. वॉटर कूलिंग या कॅबिनेटमध्ये बसतं, नाही असं नाही. ८८ वॉटसाठी पंप, नळ्या आणि त्यांची पुढची दुखणी कशाला विकत घ्यायची, असं माझं मत आहे. ज्याला दिसायला हवं त्याला बसवून देतो.

मुळात लहान मशीनमध्ये पार्ट निवडायची सुरुवात प्रोसेसरपासून करून चालत नाही. आधी कॅबिनेट ठरवायचं, त्यात कूलर किती उंच बसतो ते बघायचं, त्यावरून किती वॉट बाहेर काढता येतील ते कळतं, आणि मग प्रोसेसर आणि कार्ड. तुमची यादी उलट्या दिशेने आली होती: १६ कोअरचा ७९५०एक्स प्रोसेसर, ४०८० ग्राफिक्स कार्ड आणि दहा लिटरचं कॅबिनेट. ७९५०एक्स पूर्ण जोरात २३० वॉट खातो, ४०८० चे ३२०. म्हणजे साडेपाचशे वॉटची उष्णता, आणि दहा लिटरच्या कॅबिनेटमध्ये जाड कार्ड बसवल्यावर कूलरला उंची उरते पाच-सात सेंटीमीटर. बसवता येतं. इंटरनेटवर फोटो आहेत, मीही पाहिलेत. त्या फोटोंना आवाज नसतो.

अठरा लिटर तुम्हाला मोठं वाटतंय. नेहमीचं मिड टॉवर कॅबिनेट चाळीस-पन्नास लिटरचं असतं, हे त्याच्या निम्म्याहून कमी. लांबी ३६ सेंमी, रुंदी साडेअठरा. कोटेशनवर ही मापं लिहिली होती आणि रिकामं कॅबिनेट काउंटरवर ठेवून दाखवलं होतं.

कोअरचा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण इथे लोकांचे पैसे वाया जाताना रोज बघतो. तुम्ही सांगितलेलं काम होतं सॉलिडवर्क्स या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये पंप हाउसिंग आणि ब्रॅकेटची मॉडेलं, अधूनमधून स्टॅटिक अ‍ॅनालिसिस (भाराखाली पार्टवर किती ताण येतो त्याचा हिशेब). मॉडेल बनवताना, फीचर बदलून रीबिल्ड मारताना काम बहुतेक एकाच कोअरवर चालतं. बाकीचे कोअर, आठ असोत की सोळा, बसून असतात. अ‍ॅनालिसिसला जास्त कोअर लागतात, बरोबर आहे, पण या बोर्डांवर रॅमचे चॅनल, म्हणजे रॅमकडे जायचे रस्ते, दोनच. डीडीआर५ ६००० घेतली तर दोन्ही मिळून कागदावर सेकंदाला ९६ जीबी. सॉल्व्हरला (अ‍ॅनालिसिसची आकडेमोड करणाऱ्या भागाला) आकडे पुरवण्यातच ही वाट भरून जाते आणि पुढचे कोअर माल येण्याची वाट बघत राहतात. सोळा कोअर म्हणजे निम्मा वेळ असं त्यात होत नाही. दिवसभर प्रोसेसरवर रेंडर काढणारा आला असता तर मीच १६ कोअर सुचवले असते, मोठ्या कॅबिनेटसकट.

तो पैशांचा फरक आम्ही रॅममध्ये टाकला. मेश (अ‍ॅनालिसिससाठी मॉडेलचे केलेले बारीक तुकडे) रॅममध्ये मावली नाही की सॉल्व्हर डिस्कवर लिहायला लागतो आणि मिनिटांचं काम तासांवर जातं. म्हणून ६४ जीबी, ३२ च्या दोन स्टिक. मिनी आयटीएक्स बोर्ड १७ सेंमी चौरस असतो, त्यावर दोनच खण येतात, म्हणूनच पहिल्यांदाच मोठ्या स्टिक टाकायच्या. १६ च्या दोन घेतल्या असत्या तर पुढे दोन्ही काढून विकाव्या लागल्या असत्या. आणि चार खणांचा मोठा बोर्ड असता तरी चारही भरल्यावर या प्रोसेसरचा एएमडीने दिलेला अधिकृत वेग ५२०० वरून ३६०० वर येतो. चार खण दिसायला बरे दिसतात.

कार्डाचं बोलू. तुम्ही म्हणता ते १६ जीबीचं ४०६० टीआय खरंच स्वस्त आहे. त्याची मेमरी मोठी, पण तिथवर जायचा रस्ता १२८ बिटचा, सेकंदाला २८८ जीबी. तुमच्या ४०७० सुपरचा १९२ बिटचा, ५०४ जीबी. तुमचा मॉनिटर १४४० पीचा आहे आणि तिथे १२ जीबीवर बहुतेक गेम आरामात चालतात. मोठे सीन कार्डावर रेंडर करायचे किंवा घरच्या घरी एआय मॉडेल चालवायची असती तर १६ ला अर्थ होता. अ‍ॅनालिसिसला मात्र यातलं कुठलंच कार्ड फारसं कामाला येत नाही. तिथे डबल प्रिसिजनची, म्हणजे जास्त अंकांपर्यंत अचूक, आकडेमोड असते आणि या मालिकेच्या गेमिंग कार्डांत तिचा वेग सिंगलच्या ६४ व्या भागाइतका ठेवलेला आहे. सॉलिडवर्क्समधलं रिअलव्ह्यू (मॉडेल खऱ्या वस्तूसारखं दाखवणारी सोय) गेमिंग कार्डावर चालत नाही, हे ऑर्डर घेतानाच सांगितलं होतं आणि ‘मला नको’ असं तुम्ही म्हणाला होतात.

एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) महाग लागला, लागणारच. या कॅबिनेटमध्ये एसएफएक्स मापाचा बसतो, साडेबारा बाय दहा सेंमी आणि जाडी साडेसहाच्या आत. तेवढ्या जागेत ७५० वॉट गोल्ड बसवायचे तर मोठ्यापेक्षा भाव जास्तच. तिथे पैसे वाचवून मी मशीन देत नाही.

राहिला यूपीएस. तो आमच्या बिलात नाही, तुमच्या जुन्या मशीनचा आहे, ६०० व्हीएचा. असे यूपीएस साधारण ३६० वॉटपर्यंतच झेपवतात. कार्ड २२०, तुम्ही वाढवलेला प्रोसेसर १३४, इथेच ३५४ झाले. बोर्ड, रॅम, पंखे, मॉनिटर अजून धरलेच नाहीत. गेम चालू असताना वीज गेली की तो हात वर करतो. गेम चालू नसताना वीज गेली तर मशीन बंद पडत नाही, असं तुम्हीच लिहिलंय. नवीन घ्यायचा असेल तर निदान १००० व्हीएचा, आणि तोही मॉनिटर धरून वॉट तपासून घ्या. कुठूनही घ्या.

ऑनलाइन भावांशी तुलना केलीत. बिलासकट, १८ टक्के जीएसटी धरून आणि भारतातल्या वॉरंटीचा तोच माल असेल तर लिंक दुकानाच्या नंबरवर पाठवा, ओळीने बसून बघू. बिलाशिवाय आलेल्या कार्डाची इथे वॉरंटी मागायला गेलेला माणूस मी पाहिलाय.

तरीही लहानच हवं असेल तर बोर्ड, रॅम आणि एसएमपीएस तेच राहतात. कॅबिनेट दहा लिटरचं, कूलर बुटका, कार्ड तुमचंच, फक्त लांबी-जाडी आधी मोजून. प्रोसेसर इको मोडवर, म्हणजे कमी वॉटच्या मर्यादेवर, ठेवावा लागेल. आताचं कॅबिनेट आणि कूलर आम्ही परत घेऊ, फरक तुम्ही द्यायचा, मजुरी लावणार नाही. पण ते मशीनही त्या खणात जाणार असेल तर हा व्यवहार मी करणार नाही, हे आत्ताच सांगतो.

सध्या पीबीओ बंद करा, मशीन टेबलावर घ्या आणि तीच टेस्ट पुन्हा लावून बघा. तरी आकडा उतरला नाही तर शनिवारी संध्याकाळी घेऊन या, तुमच्यासमोर उघडतो, प्रोसेसर आणि कूलरमधली पेस्टसुद्धा नवी लावतो. येताना यूपीएसही आणा, त्याची बॅटरी किती उरलीय तेही बघू.