युद्ध संपलं, कायदा उरला

जुलै 2025 मध्ये महाराष्ट्राच्या दोन्ही सभागृहांनी, सरकारला संघटनांवर बंदी घालता येईल असं विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं. तेव्हापासून खारघरच्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रूपवर एक प्रश्न अधूनमधून येतो: ज्याने काही केलंच नाही, त्याने घाबरायचं कशाला? विचारणारे काका बँकेतून निवृत्त झालेले, सरळ मनाचे. माझ्या बाबांच्या आजारपणात रात्री-अपरात्री धावून येणारे तेच. म्हणून मला त्यांना टोमणा मारायचा नाही, उत्तर द्यायचं आहे. न्हावा-शेव्याची नोकरी सोडून मी जहाजाच्या कामासाठी कोलंबोला आले, आणि ते उत्तर मला इथे मिळालं.

श्रीलंकेचं यादवी युद्ध 1983 ला पेटलं आणि मे 2009 मध्ये संपलं. त्याच्याही आधी, 1979 मध्ये, इथे दहशतवाद प्रतिबंधक कायदा आला. तीनच वर्षांसाठी, तात्पुरता, असं तेव्हा सांगितलं होतं. 1982 मध्ये तो कायमचा झाला. पोलिस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब कोर्टात पुरावा म्हणून चालतो, आणि आरोपपत्राविना माणसाला महिनोन् महिने डांबून ठेवता येतं, असा हा कायदा. ज्या तमिळ वाघांसाठी, म्हणजे वेगळ्या राष्ट्रासाठी लढणाऱ्या एलटीटीई या सशस्त्र संघटनेसाठी, तो वापरला ते संपले, त्यांचा म्होरक्या मारला गेला, तरी कायदा तसाच राहिला. दरम्यान किती सरकारं आली आणि गेली. आताच्या राष्ट्राध्यक्षांच्या आघाडीने तो रद्द करण्याचं वचन देऊन 2024 ची निवडणूक जिंकली, तरी 2025 मध्येही तो वापरात होताच.

वाघ उरले नाहीत, मग हा कायदा कुणावर चालला? काकांनी नेमकं हेच समजून घ्यावं असं मला वाटतं.

बालेंद्रन जयकुमारी ही उत्तरेतल्या किलिनोच्ची जिल्ह्यातली आई. युद्धाच्या शेवटी तिचा मुलगा नाहीसा झाला. पुढे सरकारच्याच एका पुस्तिकेत, पुनर्वसन केंद्रातल्या मुलांच्या फोटोत आपला मुलगा दिसला, असं तिचं म्हणणं. तो कुठे आहे सांगा, एवढंच ती प्रत्येक मोर्चात विचारायची. मार्च 2014 मध्ये तिला याच कायद्याखाली अटक झाली आणि तेरा वर्षांच्या मुलीची आईपासून ताटातूट झाली. या अटकेची चौकशी करायला मानवाधिकार कार्यकर्ते रुकी फर्नांडो आणि फादर प्रवीण महेसन गेले, तर त्यांनाही त्याच कायद्याखाली उचललं. जगभरातून ओरड झाल्यावर त्या दोघांना दोन-तीन दिवसांत सोडलं. जयकुमारीला जामीन मिळायला साधारण वर्ष लागलं.

हा क्रम नीट पाहायला हवा. आधी मुलगा जातो, मग मुलाला शोधणारी आई आत जाते, मग आईबद्दल विचारणारे आत जातात. यातल्या कुणी काही केलं होतं का? केलं होतं, त्यांनी प्रश्न विचारला होता.

दुसरी आई दक्षिणेतली, सिंहली, म्हणजे इथल्या बहुसंख्याकांपैकी. संध्या एकनेलिगोडा. त्यांचे पती प्रगीत पत्रकार आणि व्यंगचित्रकार होते. 24 जानेवारी 2010 ला, राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीला दोन दिवस उरले असताना, ते बेपत्ता झाले. दोन मुलांना घेऊन संध्याताई तेव्हापासून कोर्टाच्या पायऱ्या चढताहेत. 2016 मध्ये होमागमच्या कोर्टात ज्ञानसार नावाच्या एका भिक्खूने भर न्यायालयात गोंधळ घातला आणि त्यांना धमकावलं. त्याला शिक्षा झाली, न्यायालयाच्या अवमानासाठी सहा वर्षांची. पण मे 2019 मध्ये राष्ट्राध्यक्षांनी त्याला माफी दिली, आणि 2021 मध्ये पुढच्या राष्ट्राध्यक्षांनी त्यालाच ‘एक देश, एक कायदा’ या विषयावरच्या सरकारी कृती दलाचं प्रमुख केलं. 2022 च्या जानेवारीत संध्याताईंनी कोलंबोतल्या कालीमातेच्या देवळासमोर मुंडण करून घेतलं. न्यायालयाकडून जे मिळालं नाही ते देवीकडे मागायची वेळ त्या बाईवर आली, हे मला अजूनही सहन होत नाही.

म्हणजे युद्धानंतर धोका फक्त बंदुकीचा किंवा माणसं पळवून नेणाऱ्या पांढऱ्या व्हॅनचा राहत नाही. चौकशीची नोटीस येते, घरी साध्या वेशातला माणूस येऊन नातेवाइकांची नावं लिहून नेतो, शेजारी बोलायचे बंद होतात. जाफनाजवळ चेम्मणीला 2025 मध्ये स्मशानाच्या बांधकामात हाडं निघाली, कोर्टाच्या आदेशाने उत्खनन झालं आणि 200 हून अधिक सांगाडे सापडले. त्यात लहान मुलांचेही होते, शाळेचं दप्तर आणि खेळणं होतं. ते फोटो काढून जगापुढे आणणाऱ्या कुमणन या छायापत्रकाराला ऑगस्टमध्ये दहशतवादविरोधी पोलिसांनी बोलावून काही तास प्रश्न विचारले. पुरणारे कोण, ते अजून ठरायचं आहे. फोटो काढणाऱ्याची चौकशी मात्र झाली.

काका म्हणतील, आपल्याकडे कुठे यादवी युद्ध आहे? बरोबर आहे. महाराष्ट्र श्रीलंका नाही, आणि दोन्ही सारखेच असं म्हणणाऱ्यांशी मीही सहमत नाही. आपलं विधेयक संघटनांवर बंदी घालण्यासाठी आहे, त्यात ती बंदी तपासणारं सल्लागार मंडळ आहे. लोकांनी 12 हजारांहून जास्त सूचना पाठवल्या, त्यानंतर त्याची भाषा ‘कडव्या डाव्या’ संघटनांपुरती आवळली गेली. हे लोकांचं यश आहे. आणि नक्षलवाद हे काही सरकारने रचलेलं भूत नाही. 1 मे 2019 ला, महाराष्ट्र दिनीच, गडचिरोलीत जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाने 15 पोलिस मारले. त्यांच्या घरच्यांनाही न्याय हवा आहे. इथे श्रीलंकेतही राजनी तिरणगम आणि नीलन तिरुचेल्वम या तमिळ मानवाधिकारवाद्यांना वाघांनीच मारलं, असं मानलं जातं. त्या दोघांचा गुन्हा काय, तर आपल्याच बाजूच्या बंदुकांनाही त्यांनी प्रश्न विचारले. मानवाधिकारवाले नेहमी एकाच बाजूचे असतात, हे ज्यांना वाटतं त्यांनी ही दोन नावं लक्षात ठेवावीत.

पण कायदा कुणासाठी केला आणि कुणावर चालला, यातलं अंतर आपल्यालाही परकं नाही. आमच्या घरापासून रिक्षाने जाता येईल इतक्या अंतरावर तळोजा कारागृह आहे. आदिवासींसाठी काम करणारे फादर स्टॅन स्वामी यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखाली तिथे होते. ऑक्टोबर 2020 मध्ये अटक झाली तेव्हा वय 83, पार्किन्सनमुळे हात इतका थरथरायचा की पेला धरता येत नसे. स्ट्रॉ आणि सिपरसाठी त्यांना कोर्टात अर्ज करावा लागला. 5 जुलै 2021 ला ते कोठडीतच असताना वांद्र्याच्या एका रुग्णालयात वारले. खटला उभाही राहिला नव्हता. ते दोषी होते की निर्दोष, हे आता कोणतंही न्यायालय त्यांच्या तोंडावर सांगू शकणार नाही.

नवी मुंबईकरांना तर आणखी जवळचं सांगता येईल. 16 आणि 17 जानेवारी 1984 ला उरण तालुक्यात, सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला. पाच जण हुतात्मा झाले. नेते होते शेकापचे दि. बा. पाटील, झेंडा लाल. त्या लढ्यातून साडेबारा टक्क्यांची योजना आली, म्हणजे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्याला परत. खारघर-कामोठ्यातल्या कितीतरी इमारती त्याच साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांवर उभ्या आहेत. आज विमानतळाला दिबांचं नाव द्या म्हणून सगळे पक्ष एका सुरात बोलतात. पण 1984 मध्ये त्यांच्या माणसांना सार्वजनिक सुव्यवस्थेला धोका ठरवणं सरकारला किती सोपं गेलं असतं, याचा विचार आमच्या ग्रूपवर कुणी करताना मला दिसत नाही. नव्या कायद्यातले गुन्हे अजामीनपात्र आहेत, शिक्षा सात वर्षांपर्यंत. त्या काळी असा कायदा असता, तर पुढची साडेबारा टक्क्यांची मागणी करायला कोण बाहेर उरलं असतं?

मी इथे व्हिसावर आहे. इथल्या मोर्चात मी जाऊ शकत नाही, जाऊही नये. पण महाराष्ट्रात मी मतदार आहे, आणि माझं म्हणणं एवढंच आहे: हा कायदा ठेवायचाच असेल, तर त्याला मुदत घाला. तीन वर्षांनी तो आपोआप संपू दे, हवा असेल तर सरकारने पुन्हा विधिमंडळापुढे यावं. दरवर्षी सभागृहात हिशेब द्यावा: किती संघटनांवर बंदी, किती जणांना अटक, किती सुटले, किती दिवसांनी. 1982 मध्ये इथल्या संसदेने ‘तात्पुरता’ हा शब्द काढला, तेव्हा असा हिशेब मागणारं पुरेसं कुणी नव्हतं. काका, तुम्ही आयुष्यभर ताळेबंद तपासलेत. आपल्या आमदारांना लिहायच्या पत्राचा मसुदा तुम्हीच करा; सोसायटीतल्या सह्या गोळा करायला मी गणपतीत येतेच आहे.